तुमची कॉइल दुपारी का सरकते, आणि फर्मीलॅबची रिंगसुद्धा का सरकते

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या तिघांनी (एक जण खानापूरहून रोज ये-जा करतो, दोघी शहापूरच्या) पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र रद्द करण्यासाठी हेल्महोल्ट्झ कॉइलची जोडी (एकाच अक्षावर समोरासमोर ठेवलेल्या दोन सारख्या कॉइल) बनवली आहे. त्रिज्या ३० सेंटिमीटर, प्रत्येक कॉइलला ५० वेढे, साध्या बेंच सप्लायवर चालवलेली. सकाळी मध्यभागी शून्य लावलं की दुपारी दोनच्या सुमाराला तिथे दोन मायक्रोटेस्ला दिसतात, संध्याकाळी ते पुन्हा उतरतात. अधूनमधून एकदम उडीही बसते. त्यांचं विचारणं असं: पृथ्वीचं क्षेत्र दिवसात इतकं बदलतं का? म्यू-मेटलची (बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची) पेटी घ्यावी लागेल का? आणि फर्मीलॅबसारख्या ठिकाणी (अमेरिकेतली कणभौतिकीची प्रयोगशाळा) क्षेत्र अब्जात काही भाग इतकं अचूक कसं ठेवतात?

मी बरीच वर्षं अ‍ॅक्सिलरेटरच्या चुंबकांची मोजमापं करण्याच्या कामात होतो, त्यामुळे थेट तिसऱ्या प्रश्नावर उडी मारायचा मोह होतोय. पण आधी तुमची दुपार बघू.

पृथ्वीचं क्षेत्र तुमच्या दोन मायक्रोटेस्लांना जबाबदार नाही. बेळगावला ते एकूण सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे आणि बहुतेक आडवं, कारण चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिणेला, देशाच्या टोकाजवळून जातं. आयनोस्फियरमधल्या प्रवाहांमुळे दिवसा त्यात फरक पडतो, पण तो काही दहा नॅनोटेस्लांचा. सौरवादळ आलं तर गोष्ट वेगळी. १८५९ च्या सप्टेंबरात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याची नोंद आहे. पण तसलं वादळ रोज दुपारी दोनला येत नाही.

रोज दुपारी दोनला येतं ते ऊन. तुमचा सेटअप वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे असं तुम्हीच लिहिलंय. फेब्रुवारीत बेळगावची सकाळ गार आणि पत्र्याखालची दुपार तापलेली. बारा-तेरा अंशांचा फरक सहज पडतो. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. तुमचा सप्लाय व्होल्टेज स्थिर ठेवतो, करंट नाही. म्हणजे बारा-तेरा अंशांमागे करंट पाच टक्के उतरला. चाळीसचे पाच टक्के दोन. हिशोब इतका चपखल बसतो की दुसरं कारण शोधावंसं वाटत नाही, तरी पडताळा घ्याच. कॉइलच्या सिरीजमध्ये एक शंट (माहीत असलेल्या, लहान रोधाचा रेझिस्टर) टाका आणि त्यावरचं व्होल्टेज दिवसभर नोंदवा. तुमच्या मापांच्या जोडीला ४० मायक्रोटेस्ला रद्द करायला सुमारे ०.२६७ अँपिअर लागतात. दुपारी तिथे ०.२५४ च्या आसपास दिसलं, तर मिटलं. कॉइल स्वतःच्या करंटने तापत असेल ही शंका काढून टाका. २२ गेजची वायर धरली तर दोन्ही कॉइलमध्ये मिळून अर्धा-पाऊण वॉट जिरतो, त्याने एवढं तापत नाही.

एकदम बसणारी उडी मात्र तांब्याची नाही, लोखंडाची. शेडच्या भिंतीला कुणी बुलेट टेकवली, लोखंडी कपाट सरकवलं, चेन-पुलीचा हुक या टोकाचा त्या टोकाला गेला. अशा तुकड्याचा परिणाम अंतराच्या घनाप्रमाणे घटतो: अंतर दुप्पट केलं की आठवा हिस्सा. म्हणून लोखंडाला शिव्या देण्यापेक्षा टेबल दोन मीटर सरकवणं जास्त उपयोगाचं.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. बेळगाव दख्खनच्या लाव्हाच्या थरांच्या दक्षिण काठावर बसलंय. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, आणि लाव्हा निवताना त्या काळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा त्यात पक्की होऊन गेली. काही थरांत ती आजच्या नेमकी उलट आहे. काळ्या दगडाच्या जुन्या भिंतीजवळ होकायंत्र नेलं की सुई वाकडी जाते ती यामुळे. दगड दिवसभरात बदलत नाही, तेव्हा तुमच्या उडीचा दोष त्याच्यावर घालता येणार नाही. पण खोलीतल्या एका कोपऱ्याचं क्षेत्र दुसऱ्या कोपऱ्याशी जुळत नाही त्यात त्याचा वाटा असू शकतो. त्याकडे शेवटी येतो.

आता फर्मीलॅब. मोठ्या प्रयोगांत क्षेत्र स्थिर असतं ही समजूत आधी मोडतो. ते स्थिर नसतं. ते दिवसा हलतं, रात्री हलतं, हॉलचं दार उघडं राहिलं तर हलतं. फरक एवढाच की कधी, कुठे आणि किती हललं याची नोंद त्या लोकांकडे असते, आणि मोजलेल्या उत्तरातून ते हलणं वजा करता येतं. यंत्रणा बघायला गेलात तर चुंबक एकदा दाखवतील आणि मग दिवसभर प्रोब, केबल आणि कॅलिब्रेशनबद्दल बोलत बसतील.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतलं, एलईपी या २७ किलोमीटरच्या रिंगचं. तिथे झेड बोसॉन या मूलकणाचं वस्तुमान मोजायचं होतं, आणि त्यासाठी इलेक्ट्रॉनच्या शलाकेची ऊर्जा अतिशय नेमकी माहीत असणं भाग होतं. ऊर्जा ठरते वळवणाऱ्या चुंबकांच्या क्षेत्रावरून. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आलं की ऊर्जा चंद्राबरोबर हलतेय. समुद्राला भरती येते तशी जमिनीलाही थोडी येते. त्या ताणाने रिंगचा परीघ सुमारे एक मिलिमीटरने बदलत होता, आणि तेवढ्याने शलाकेची ऊर्जा दहा मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत सरकत होती. जिनिव्हाच्या सरोवरातलं पाणी चढलं-उतरलं तरी जमीन दबत-उठत होती. या दोन्हींत क्षेत्र नव्हे, कक्षा हलत होती. त्यांचा हिशोब लागला, तरीही काहीतरी उरत होतं.

मग १९९५ मध्ये बोगद्यातल्या चुंबकांत एनएमआर प्रोब (प्रोटॉनांच्या वारंवारतेवरून क्षेत्र मोजणारे) बसवले. क्षेत्र दिवसभर थरथरत होतं, आणि मध्यरात्रीनंतर काही तास शांत. कारण निघालं रेल्वे. जिनिव्हाहून फ्रान्सकडे जाणाऱ्या लाइनवर तेव्हा डीसी वीज होती. गाडीचा परतीचा करंट सगळाच रुळांतून जात नव्हता, काही जमिनीत झिरपत होता. तो एलईपीच्या निर्वात नळीत शिरत होता आणि नळीतून वाहत जाऊन दुसरीकडे बाहेर पडत होता. साधारण एक अँपिअर. तेवढ्या थरथरीने चुंबकांचं लोखंड हळूहळू जास्त चुंबकित होत गेलं आणि क्षेत्र तासागणिक चढत राहिलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये रेल्वेचा संप झाला, तेव्हा थरथर थांबली. याहून चांगली कंट्रोल टेस्ट पैसे देऊनही मिळाली नसती. गाड्या कुणी थांबवल्या नाहीत. थरथर मोजली, दुरुस्ती लावली, आणि झेडचं वस्तुमान ९१,१८७.५ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट आलं, अनिश्चितता फक्त २.१.

टिळकवाडीच्या तिन्ही रेल्वे गेटांच्या आसपास राहणाऱ्यांनी मात्र यावरून घाबरून जाऊ नये. आपल्याकडची विजेची लाइन २५ किलोव्होल्ट एसी आहे. तिचा परिणाम ५० हर्ट्झचा असतो. २० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीत सरासरी घेतली की तो बहुतांशी निघून जातो. गाडीचं लोखंड तेवढं उरतं, आणि ते गाडी गेली की जातं.

हाच घोळ आपल्या मुलखात त्याच्या नव्वद वर्षं आधी झाला होता. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरल्यावर तिथे काम करणं अशक्य होणार हे उघड होतं. संचालक नानाभाई मूस यांनी वेधशाळा अलिबागला हलवली. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या, मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. मला यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की १९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. जागा बदलली तरी जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळला पाहिजे, यासाठी दोन वर्षं दुप्पट काम. आजही प्रोब बदलताना आम्ही हेच करतो, फक्त दोन वर्षं मिळत नाहीत.

फर्मीलॅबच्या म्यूऑन जी-मायनस-टू प्रयोगाकडे येतो (म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ). १४ मीटर व्यासाची सुपरकंडक्टिंग रिंग, क्षेत्र १.४५ टेस्ला. ती मुळात न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत होती. २०१३ मध्ये तिच्या कॉइल अख्ख्या, न कापता, बार्जवरून फ्लोरिडाला वळसा घालून मिसिसिपी नदीतून इलिनॉयला नेल्या. रिंगमध्ये म्यूऑन फिरतो तेव्हा त्याचं स्पिन क्षेत्राभोवती घुमतं, आणि ते किती वेगाने घुमतं यावरून म्यूऑनचा चुंबकीय गुणधर्म कळतो. वेग मोजला पण क्षेत्र चुकलं, तर उत्तर तेवढंच चुकणार. म्हणून क्षेत्राला सुमारे ७० पीपीबीचं बजेट दिलेलं होतं, म्हणजे अब्जात सत्तर भाग.

हे कळायला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली माणसं फार योग्य आहेत. चुंबकाच्या वरच्या आणि खालच्या पोलमध्ये १८ सेंटिमीटरची फट आहे. फट एक मायक्रॉनने बदलली की क्षेत्र दशलक्षात पाच-सहा भागांनी बदलतं, म्हणजे बजेटच्या सत्तर-ऐंशी पट. आणि हे पंचेचाळीस मीटर परिघावर, ७२ पोल जोडून. सरफेस ग्राइंडरवर बसणाऱ्या माणसाला यातली भीती समजावून सांगावी लागत नाही. इतका पोल घासून जमणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून शिम टाकले: ८६४ लोखंडी पाचरी, ४८ जाड पट्ट्या, आणि पोलच्या तोंडावर चिकटवलेले लोखंडी पत्रीचे हजारो तुकडे. कुठे किती पातळ पत्री लावायची हे आधी मोजायचं, गणित करायचं, कापायचं, चिकटवायचं, परत मोजायचं. रिंगभर क्षेत्राचा चढउतार सुरुवातीला दशलक्षात १४०० भागांचा होता, तो २०० च्या आसपास आला. उरलेलं पोलवर बसवलेल्या बारीक करंटच्या तारांनी सारखं केलं.

एवढं झाल्यावरही क्षेत्र हलतच होतं, आणि त्याचं कारण तुमचंच: तापमान. लोखंड दर अंशाला मीटरमागे बारा मायक्रॉन वाढतं. हॉल गरम झाला की फट बदलणार. पहिल्या वर्षाच्या मापनानंतर त्यांनी अख्ख्या चुंबकाला उष्णतारोधक पांघरूण गुंडाळलं आणि हॉलचं एअर कंडिशनिंग सुधारलं. कोट्यवधी डॉलरच्या प्रयोगात ही सुधारणा सर्वांत स्वस्त असावी, आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाची.

मोजणी कशी चालायची (ती २०२३ मध्ये संपली) ते नीट बघा, कारण तुम्हाला उचलता येण्यासारखं तेच आहे. रिंगच्या आत, जिथे म्यूऑन फिरायचे त्याच निर्वात जागेत, रुळांवरून एक छोटी ट्रॉली फिरायची. तिच्यावर १७ एनएमआर प्रोब. पण ट्रॉली फिरत असताना म्यूऑन सोडता येत नसत, म्हणून ती दर दोन-तीन दिवसांनी एकदा फिरायची. मधल्या काळात पाळत ठेवायचे नळीच्या बाहेर, वर आणि खाली बसवलेले ३७८ स्थिर प्रोब. शेतीच्या भाषेत सांगायचं तर ट्रॉली म्हणजे मोजणीदार आणि स्थिर प्रोब म्हणजे बांधावरचे दगड: मोजणीदार क्वचित येतो, दगड रोज जागेवर असतात, आणि दोन मोजण्यांमध्ये वाद झाला तर दगडांवरून सोडवायचा. स्थिर प्रोबांची सरासरी पॉवर सप्लायला परत दिली जायची आणि करंट किंचित वर-खाली होत राहायचा. करंट केवढा? पाच हजार अँपिअरच्या वर.

प्रोबच्या आत काय असतं? पेट्रोलियम जेली, औषधाच्या दुकानात मिळते तीच जात. तिच्यातल्या प्रोटॉनांची वारंवारता मोजतात, १.४५ टेस्लाला सुमारे ६१.८ मेगाहर्ट्झ. ती उडून जात नाही, सुकत नाही, म्हणून सोयीची. पण अंतिम कॅलिब्रेशन शुद्ध पाण्याच्या प्रोबशी करतात, आणि त्यातही पाण्याचं तापमान एक अंश बदललं की वारंवारता अब्जात दहा भाग बदलते. बजेट सत्तरचं, त्यात एका अंशाला दहा गेले. शेवटी पुन्हा थर्मामीटरच. २०२५ च्या जूनमध्ये या प्रयोगाचा अंतिम निकाल आला, एकूण अनिश्चितता १२७ पीपीबी.

सगळ्यांनाच एवढं लागतं असं समजू नका. मदुराईला मिनी-आयसीएएल नावाचा ८५ टनांचा चुंबकित लोखंडाचा डिटेक्टर आहे. तिथे म्यूऑन डावीकडे वळला की उजवीकडे हे कळणं मुख्य, आणि टक्क्याच्या आसपासचं ज्ञान कामाला पुरतं. किती अचूक हवं हे प्रयोग ठरवतो. ते न ठरवता पीपीबीच्या मागे लागणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले.

म्यू-मेटलचा प्रश्न राहिला. ते जिथे खरोखर लागतं ते ठिकाण म्हणजे न्यूट्रॉनचा विद्युत द्विध्रुव आघूर्ण (त्याच्या आतले धन आणि ऋण भार किंचित दूर सरकलेत का याचं माप) शोधणारे प्रयोग, उदाहरणार्थ स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमधला. तिथे क्षेत्र फक्त एक मायक्रोटेस्ला ठेवतात, पृथ्वीच्या चाळिसाव्या हिस्स्याएवढं, आणि त्यातले बदल पिकोटेस्लांत मोजतात. नव्या उपकरणासाठी म्यू-मेटलच्या सहा थरांची खोली बांधली, जोडीला अ‍ॅल्युमिनियमचा एक थर. बाहेरचे हळू बदल आत जाताना लाखपट कमी होतात. खोलीभोवती कॉइल आहेत त्या वेगळ्या, कारण शेजारच्या प्रयोगांचे मोठे चुंबक चालू-बंद होत असतात. आणि एवढं करूनही विश्वास नाही, म्हणून न्यूट्रॉनच्याच बाटलीत पाऱ्याच्या अणूंची वाफ सोडतात. न्यूट्रॉनने जे क्षेत्र पाहिलं तेच पाऱ्याने पाहिलं, असा पुरावा. तोही पुरता खरा नाही. हे न्यूट्रॉन इतके संथ असतात की गुरुत्वाकर्षणाने त्यांचा घोळका पाऱ्यापेक्षा काही मिलिमीटर खाली बसतो, आणि वर-खाली क्षेत्रात फरक असेल तर दोघांचं वाचन जुळत नाही. त्या मिलिमीटरांवर लोकांनी प्रबंध लिहिलेत. २०२० मध्ये त्यांनी दिलेली मर्यादा १.८ × १०⁻²⁶ ई-सेंटिमीटर (ई म्हणजे इलेक्ट्रॉनच्या भाराएवढा भार), म्हणजे द्विध्रुव असलाच तर त्याहून लहान.

तुम्हाला म्यू-मेटल नको. महाग आहे हे एक. दुसरं, पत्रा वाकवला, ठोकला, नुसता जमिनीवर पडला तरी त्याची पारगम्यता खालावते. मग हायड्रोजनच्या भट्टीत अकराशे अंशांच्या आसपास पुन्हा अनील करावा (तापवून सावकाश निववावा) लागतो. तिसरं, पेटी बसवल्यावर डीगॉस करायची (तिचं चुंबकत्व काढून टाकायचं) असते, नाहीतर तीच एक चुंबक होऊन बसते. आणि तुमच्या कॉइलच्या जवळ म्यू-मेटल आणलं की कॉइलचं स्वतःचं क्षेत्र वाकडं होतं, सगळं गणित नव्याने करावं लागतं.

त्यापेक्षा हे करा. सप्लाय बदलून कॉन्स्टंट-करंट सर्किट लावा: एक ऑप-अँप, एक मॉसफेट, आणि सेन्स रेझिस्टर मँगॅनिनचा. कॉइलचा रोध मग कितीही बदलू दे. सेन्स रेझिस्टर आणि रेफरन्स चिप एका थर्माकोलच्या डब्यात ठेवा. कॉइल परत गुंडाळणार असाल तर बॉबिन हायलम शीटचा किंवा सागवानाचा करा, आणि मोटर वाइंडिंगच्या दुकानातून वेढे मोजून घ्या. पंपसेटवाले ते तुमच्यापेक्षा सफाईने करतात. स्क्रू पितळेचे, पण पितळ म्हटलं म्हणून विश्वास ठेवू नका, प्रत्येक स्क्रू सेन्सरजवळ फिरवून बघा. पितळेत लोखंडाची भेसळ निघते, आणि स्टेनलेस ३०४ वेल्डिंगच्या जागी किंचित चुंबकीय होतं. पक्कड, स्क्रूड्रायव्हर चुंबकित झाले असतील तर रिकाम्या कॉइलमध्ये ठेवून डिमरस्टॅटने एसी चढवा आणि सावकाश शून्यावर आणा.

सेन्सर मोबाइलचा नको. आरएम ३१०० जातीचा मॉड्यूल घ्या, दहा-बारा नॅनोटेस्लापर्यंतचा फरक दिसतो. तोच सेन्सर १८० अंश उलटा फिरवून दोनदा वाचा. दोन वाचनांच्या बेरजेचा अर्धा म्हणजे सेन्सरचं स्वतःचं खोटं शून्य. हे सकाळी एकदा आणि दुपारी एकदा करा, कारण तेही तापमानाबरोबर सरकतं. जमलं तर दुसरा सेन्सर कॉइलपासून चार-पाच मीटर लांब ठेवा. उडी दोघांतही दिसली तर बाहेरची, एकातच दिसली तर तुमच्या टेबलाजवळची. आणि प्रत्येक नोंदीशेजारी तापमानाची नोंद, चुकवायची नाही.

मग राहतो ग्रेडियंट, म्हणजे जागेगणिक क्षेत्रात पडणारा फरक. हेल्महोल्ट्झ जोडी सारखं क्षेत्र रद्द करते. शेडच्या खांबांनी, सळयांनी, दगडांनी केलेला चढउतार ती रद्द करू शकत नाही. तुमच्या मापांना अक्षावर मध्यापासून पाच सेंटिमीटरपर्यंत कॉइलची स्वतःची चूक ०.१ टक्क्याच्या आत, म्हणजे ४० नॅनोटेस्लाच्या आत येते. तेवढ्याच अंतरात तीनशे-चारशे दिसले तर कॉइलला हात लावू नका, टेबल हलवा. खानापूरवाल्याचं रस्त्यापासून लांब मोकळं शेत असेल तर एक दिवस सगळं बॅटरीवर तिथे चालवून दोन्ही नकाशे शेजारी ठेवा. फक्त विहिरीवरच्या पंपाच्या केबलपासून दूर बसा, आणि सेन्सरजवळ जाताना खिशातला मोबाइल काढून ठेवा.